भाऊंचा लाल दोरा

भाऊ पेशंटला नाव सगळ्यात शेवटी विचारत. आधी, "राहतोस कुठं?" मग, "खोलीत किती जण?" त्यांचं म्हणणं, "नावाचं काय, भावाच्या कागदावर नोकरीला लागला की बदलतं."

सिल्वासात तेव्हा कारखाने वाढत होते आणि नरोलीच्या भाड्याच्या खोल्यांत धुळं-जळगाव येऊन राहिलं होतं. भाऊही शिरपूरकडचेच. आमच्या हॉस्पिटलची रेकॉर्डची खोली ते सांभाळत. कुणाला एखादं औषध चालत नसेल, तर त्याच्या केसपेपरला लाल दोरा. उंदरांनी पुष्कळ केसपेपर खाल्ले, पण दोरा कधी खाल्ला नाही, हे ते अभिमानाने सांगत.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कॉम्प्युटर आला, आणि तो चालवायला पुण्याहून मी. एसी कॉम्प्युटरसाठी होता, मला फुकटात मिळाला. भाऊंनी चपला बाहेर काढल्या आणि विचारलं, "याला किती माणसं ओळखू येतात?"

"लाखभर."

"तोंडावरून?"

मी हसलो. तेवढीच अक्कल होती मला.

तीन महिने मी केसपेपर कॉम्प्युटरमध्ये भरत होतो. दोरे सोडायला वेळ जाई, म्हणून कात्रीने कापले.

एका दुपारी खडोलीच्या कारखान्यातून हाताला जखम झालेला सुनील पाटील आला. पडद्यावर त्या नावापुढे सगळं ठीक होतं. सिस्टरने पेनिसिलीनची सुई भरली. चहा घेऊन निघालेले भाऊ दारातच थबकले.

"सिस्टर, थांबा! हा सुनील नाही, अनिल शे. भावाच्या नावावर कामाले लागला. मागं हीच सुई टोचली तं मरता मरता वाचला."

अनिल खाली मान घालून बसला होता. खरं नाव सांगितलं तर नोकरी जाईल, हे त्याला ठाऊक होतं. सुईत काय आहे, ते नव्हतं. दोघा भावांचे केसपेपर भाऊंनी एकाच लाल दोऱ्यात बांधले होते, आणि तो दोरा मी कापला होता. हातातला चहा माझ्यापुढे ठेवून भाऊ एवढंच म्हणाले, "चहा घे. गार होतोय."

मग ते महिनाभर माझ्या शेजारी बसून कोण कुणाच्या नावावर आहे ते सांगत गेले. मी नवा रकाना केला. पण त्यांची अट होती, खरं नाव लिहायचं नाही, पोरांची नोकरी जाईल. म्हणून अशा प्रत्येक नावापुढे मी लिहिलं, 'भाऊंना विचारा'.

भाऊ रिटायर होऊन गावी गेले. वर्षभरात ते वारल्याची बातमी आली. मी दार लावून रडलो.

त्याच आठवड्यात खिडकीशी एक जण नाव सांगून उभा राहिला. मी नाव टाकलं. पडद्यावर आलं, 'भाऊंना विचारा'.

मी पडद्यावरून नजर काढून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग खिडकीतून विचारलं, "राहतोस कुठं? खोलीत किती जण?"