मावशींची पोरगी

प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायच्या आमच्या पॉटलकमध्ये सगळे पुऱ्यांवर तुटून पडलेले असताना सुशीलामावशी भरलेली प्लेट समोर ठेवून डोळे मिटायच्या. शेजारचा माणूस हातात घास धरून ताटकळायचा. प्रार्थना मराठीत, चांगली ऐकू येईल अशी. शेवट ठरलेला: "आणि बापा, माझ्या पोरीलाही जवळ ठेव."

मावशींना मूलबाळ नव्हतं. ही पोरगी म्हणजे फार पूर्वी अमेरिकेत विकली गेलेली, मालकाच्या घरात अक्षरं शिकून देवावर कविता लिहिणारी एक गुलाम. मावशी तिचं नाव घेत नसत. "मालकानं ठेवलेलं नाव. कुत्र्याला ठेवतात तसं. मी कशाला घेऊ?"

मावशी मूळच्या नगरच्या, चार पिढ्यांच्या ख्रिस्ती, इथे अमेरिकेत ट्रॉय गावात नर्स म्हणून रिटायर झालेल्या. इतर मराठी लोकांना त्या आठवायच्या त्या नाताळच्या केकपुरत्या. त्यांचे पणजोबा आमच्यासारख्याच गावकुसाबाहेरच्या वस्तीतून चर्चमध्ये गेलेले, म्हणून आम्हा आंबेडकरी मंडळींकडे त्या हक्काने यायच्या. आम्हीही स्वतःला त्या इतरांपेक्षा फार वेगळे समजत होतो.

रिटायर झाल्यावर त्यांनी पोरीची एक कविता मराठीत आणली. चार वर्षं, पेन्सिलीने, चर्चच्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. आमच्या जयंतीच्या कार्यक्रमात ती वाचायची, एवढीच त्यांची इच्छा होती. "दहा मिनिटं दे रे. माझ्या चर्चमध्ये मराठी कुणाला कळतं?"

कमिटीत मी होतो. पहिलं पान वाचलं आणि माझं डोकं फिरलं. "मावशी, ही तर मालकाच्याच देवाला थँक्स म्हणतेय. आपल्या स्टेजवर हे कसं चालेल यार? लोक ऑब्जेक्शन घेतील."

"चाबूक समोर असताना माणूस सरळ बोलतो का? तुझा आजा पाटलाला जोहार घालायचा, तेव्हा मनात काय म्हणायचा, विचारलंस कधी? पुढं वाच. देव काय मालकाच्या एकट्याच्या बापाचा आहे का, असं विचारतीय ती."

मी पुढे वाचलं नाही. प्रोग्रॅम फायनल झालाय, असं खोटंच सांगितलं आणि त्या दहा मिनिटांत मुलांचा डान्स बसवला. मावशी आल्या, पहिल्या रांगेत बसल्या, टाळ्या वाजवल्या. जेवताना डोळे मिटून त्यांनी माझंही नाव घेतलं. त्याऐवजी चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. त्यांच्या चर्चमधल्या एका बाईंनी माझ्या हातात ती पत्रकं ठेवली. वर पेन्सिलीने माझं नाव होतं आणि खाली एवढंच: 'पुढं वाच.'

त्यांच्या चर्चमध्ये, शवपेटीशेजारी उभा राहून मी ती कविता पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली, मोठ्याने. शेवटच्या कडव्यात पोरगी मालकाला विचारत होती: स्वर्गाच्या दारात रांग असेल, तिथे माझ्या मागे उभं राहायला चालेल ना तुम्हाला? समोर चाळीसेक भली माणसं आदराने माना हलवत होती. कुणालाही एक शब्द कळत नव्हता. ज्या एका हॉलमध्ये तो सगळ्यांना कळला असता, तिथे माझी मुलगी सिनेमाच्या गाण्यावर नाचली होती, आणि मी उभा राहून व्हिडिओ काढत होतो.