बोरिवलीला जाऊन टोपावर भलतंच नाव

विक्रोळीवरून बोरिवली म्हणजे फॉरेनच यार, म्हणून लगेच लिहून टाकतेय. मुलुंडला भांड्यांच्या दुकानात मी काउंटरला आहे. शेठ म्हणाले, "तुझ्यासमोर गिऱ्हाईक थांबतच नाही. उद्या आपल्या बोरिवलीच्या दुकानात बस. तिथेही तेच झालं, तर गोडाऊनमध्ये डबे पुसायचे." डबे पुसेन हो, पण तिथे बोलायला कोणीच नसतं. वेड लागेल मला.

सकाळी बस पकडली. पवईचा तलाव दिसला, तेवढाच हिल स्टेशनचा फील. पुढे हायवेला बस जी थांबली ती थांबलीच. खिडकीसमोर वाढदिवसाचा बॅनर होता, त्यावरचे सगळे शुभेच्छुक माझे पाठ झाले.

बोरिवलीला उतरून आधी खिचू (तांदळाच्या पिठाची गरम उकड, वर कच्चं तेल आणि तिखट) खाल्लं. झकास. जीभ भाजली, ती घेऊनच दुकानात गेले.

पहिल्या काकू आल्या. "या ना काकू, जेवलात?"

"फक्त बघतेय."

दुसऱ्यांना म्हटलं, "ड्रेस मस्त आहे, कुठून घेतलात?"

"तू भांडी विकतेस की चौकशा करतेस?"

तिसरे काका तर मी तोंड उघडायच्या आधीच "नको" म्हणाले. काय नको ते तरी ऐकायचं ना.

दुपारी भांड्यांवर नावं घालणारे दादा जेवायला गेले, मी त्यांच्या मशीनवर बसले. तेवढ्यात पन्नाशीच्या एक मालवणी ताई आल्या, हातात आमच्याच दुकानातला स्टीलचा नवा टोप. "शैला घाल गो. मोठा घाल."

"मोठं कशाला?" मी आपलं सहज विचारलं.

ताई स्टूल ओढून बसल्याच. "शेजारची मीना पूजेक म्हणान माझो टोप घेऊन गेली, तो परत देऊकच नाय (दिलाच नाही)."

"मागायचा ना."

"मागलंय. तर म्हणता, तुझा नाव खंय आसा (कुठे आहे) त्येच्यार? तेव्हापासून बोलणाच बंद. भिंतीक भिंत लागून, वर्स झाला."

"काय बाई ही मीना," मी म्हटलं. हात चालूच होता. मग टोप फिरवून बघितला. मोठ्ठ्या अक्षरात: मीना.

कोरलेलं नाव पुसत नाही आणि असा टोप दुसरं कोण घेणार? गल्ल्यावरचे मॅनेजरकाका उठून आले, टोप बघितला, मला बघितलं. "गोडाऊन," एवढंच म्हणाले.

ताईंनी चष्मा लावला. "अक्षर बरा आसा," म्हणाल्या. मग टोप परत माझ्यापुढे सरकवला. "खाली घाल, सप्रेम भेट. तेच्या खाली माझा नाव."

"म्हणजे तिलाच देणार?"

"वर्सभर इचार करतंय, पयला काय बोलूचा तिच्याशी. आता बोलूक नको. ह्यो हातात देतलंय (देईन)." चष्मा काढत म्हणाल्या, "आणि माका दुसरो काढ. त्येच्यार नाव घालताना तोंड बंद ठेव."

संध्याकाळी बसमध्ये शेठचा फोन. "थांबलं कोणी?"

"एकच. पण तासभर."

"मॅनेजर सांगत होते. दोन टोप नेले म्हणे. उद्या मुलुंडला ये, काउंटरला. मशीनला हात लावायचा नाही."

फोन ठेवला आणि जाणवलं, सकाळपासून मी पहिलं वाक्य शोधत होते, पण ताईंचं वर्षभर अडलेलं. बाजूच्या बाईंच्या मांडीवर कोरी परात होती. "एवढी मोठी कोणासाठी?" मी विचारलं. माझा स्टॉप कधी मागे गेला, कळलंच नाही.