वीतभर आटलेला गालिचा

माझ्या थोरल्या बहिणीला धुण्याचा रोग आहे आणि घट बसायचे दिवस जवळ आले की तो बळावतो. नवरात्राआधी घरातलं प्रत्येक कापड पाण्यातून काढायचं, हा आमच्या आईचा नेम. आई चादरी-गोधड्यांवर थांबायची. ताई पायपुसण्यापासून स्कूटरच्या सीटकव्हरपर्यंत जाते. गेल्या वर्षी तिने बाबांचा गालिचा धुतला.

बाबा हडपसरला गालिच्यांच्या एका कारखान्यात मागावर होते. जन्मभर दुसऱ्यांच्या दिवाणखान्यांसाठी विणलं. घरासाठी एकच गालिचा विणला, सुट्टीच्या दिवशी जाऊन, उरल्यासुरल्या लोकरीचा. आमच्या पुढच्या खोलीच्या बरोबर मापाचा. आम्ही दोघी त्यावरच झोपायचो. ती भिंतीकडे, मी दाराकडे. आई गेल्यावर ठरलं की गालिचा आळीपाळीने राहील: एक वर्ष तिच्याकडे हडपसरच्या त्याच जुन्या घरात, एक वर्ष माझ्याकडे कोथरूडला. तिची पाळी सहा वर्षं चालली. मी दर दिवाळीला विचारायचे आणि दर दिवाळीला एकच उत्तर यायचं, "तुझ्या त्या फ्लॅटमध्ये मावणार आहे का तो?" आई-बाबांचं शेवटचं सगळं तिनेच केलं हे खरं आहे. ते ती कोणाला विसरू देत नाही, हेही खरं आहे. मला तिचा संताप यायचा. तिच्या घरातून निघाले की बस येईपर्यंत मी मनात तिच्याशी भांडत उभी असायचे.

पितृपक्षात तिचा फोन आला.

"उद्या गालिचा धुवायला काढतेय. खाली पार्किंगमध्ये पाइप लावते आणि चांगला भिजवून ठेवते. किती धूळ बसलीय त्यात!"

"काढ की," मी म्हणाले. "तुझ्याकडेच तर आहे."

चार दिवसांनी पुन्हा फोन आला, तो रडत. मी गेले. गालिचा पुढच्या खोलीत अंथरलेला होता आणि कडेला वीतभर फरशी उघडी दिसत होती. एक बाजू सरळ, दुसरी आत ओढलेली. मधे सुरकुत्या, काठ पापडासारखा वर वळलेला. ताईने चारी कोपऱ्यांवर पाट्या-वरवंट्यापासून भरलेल्या डब्यांपर्यंत वजनं ठेवली होती. तिच्या त्या डब्यांकडे बघून मला बरं वाटलं. लपवत नाही, बरंच वाटलं.

तिने गालिचे दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ बोलावले होते. त्यांनी कोपरा उलटा केला आणि मागची वीण नखाने चाचपली.

"बाई, लोकरीला काय झालं न्हाई. खालचं सूत आटलंय. मागावर उभा दोरा ताणून धरलेला असतो. पाणी पिला की दोरा फुगतो, आन् फुगला की लांबीला कमी हुतो. खालचं आखडलं, वरची लोकर हाय तेवढीच ऱ्हायली. मग सुरकुत्या पडणारच."

"पण गालिचे धुतातच की लोक," ताई म्हणाली.

"धुत्यात. त्यातलं सूत आधीच भिजवून आटवलेलं असतं. ह्यो कोऱ्या सुतावर इणलाय. इणणाऱ्याला ठावं असणार. घरात कुणाला सांगितलं न्हवतं का त्यानं?"

"आमच्या बाबांनी कोणाला काही सांगितलं नाही," ताई म्हणाली.

मी कॉलेजात असताना गालिच्यावर चहाचा कप सांडला होता. मी ओलं फडकं घेऊन धावले तेव्हा बाबांनी माझा हात धरला. म्हणाले, "ह्याला पाणी दाखवायचं नाही कधी. कोरं सूत आहे, आटेल." ताई तेव्हा घरी नव्हती. बाबांकडून फक्त मला मिळालेलं असं तेवढंच होतं, म्हणून मी ते कधी कोणाला सांगितलं नाही. फोनवर ती पाइपचं बोलत होती तेव्हा ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

ते गृहस्थ, आता काही होणार नाही, असं सांगून गेले. ताई माझ्याकडे बघत राहिली. त्यांनी कोरं सूत म्हटल्यावर मी दचकले नव्हते, हे तिने पाहिलं असणार.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग फोनवर का नाही बोललीस?"

"सहा वर्षं मी बोलतच होते," मी म्हणाले.

ती ओरडेल अशी माझी तयारी होती. तिने एकेक डबा उचलून ओट्यावर नेऊन ठेवला, पाटा भिंतीला लावला, गालिच्याची गुंडाळी केली आणि ती माझ्यासमोर दारात उभी केली. रिक्षाही तिनेच बोलावली.

गालिचा माझ्या फ्लॅटमध्ये मावला. वीतभर आटल्यामुळेच मावला. ताई झोपायची ती भिंतीकडची बाजू जास्त आटली आहे. यंदा घट बसले, उठले, दिवाळी झाली, ताईचा फोन नाही. आता पाळी कायमची माझी आहे.