खाऱ्या पाण्यात धुतलेली बाळोती

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाळोत्यांच्या घड्या. सकाळचे नऊ-दहा वाजले असतील. खळ्यातल्या, म्हणजे घरापुढच्या अंगणातल्या दोरीवरची सुकलेली बाळोती मी काढून आणत होतो आणि माझी बायको पडवीत फळीशी उभी राहून घड्या घालत होती. जुन्या पातळांची चौकोनी फडकी होती ती. मी एक घडी घातली तर तिने ती उलगडून पुन्हा घातली.

"अशी घडी? पोराच्या पाठीत गाठोळा टोचतला."

"पोर काय तक्रार घेवन येतला माज्याकडे?"

"पोर नाय येवचा. मी आसय ना तक्रार करूक."

मग तिने सगळ्यात मऊ अशी पाच-सहा बाळोती बाजूला काढली आणि म्हणाली, "ही वेगळी ठेवा. ता चेडू परत आयला तर त्येका ही होई." मी "बरा" म्हटलं. चेडू, म्हणजे आमच्याकडे ठेवायचे ती तान्ही मुलगी, परत येईलसं मला वाटत नव्हतं, तिला वाटत होतं. दुपारी जेवायच्या आधी ती खांबाला टेकून बसली ती बसलीच. मी ताट वाढून हाक मारली. दुसऱ्या हाकेला समजलं.

मी चार बुकं शिकलेला माणूस. जन्म गेला गलबतावर, कौलं आणि मीठ वाहण्यात. लिहायची सवय नाही. पण ही एक गोष्ट लिहायची आहे, कारण ती तोंडाने सांगायला मी उशीर केला.

आमचं घर तोंडवलीला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये माडांची पट्टी. महाराष्ट्र राज्य झालं त्यानंतर दोन-तीन वर्षांनी माझा गुडघा कौलांच्या थप्पीखाली सापडला आणि मी घरी बसलो. मुलं मुंबईला नोकरीत. घरी येऊन बघतो तर पडवीत चार पोरं. एक रांगतंय, दोन झोपलीत, एक रडतंय. मासे विकायला जाणाऱ्या बायका सकाळी तरीने खाडी ओलांडून कट्ट्याच्या बाजाराला जायच्या, पोरं हिच्याकडे टाकून. कुणी मूठभर तांदूळ द्यायची, कुणी वाटा मासळीचा, कुणी काहीच नाही. आता शहरात त्याला पाळणाघर म्हणतात म्हणे. आमच्याकडे म्हणायचे, "काकीकडे ठेवलंय."

पण तिला दम लागायचा. खाली वाकली की ओठ काळेनिळे व्हायचे. आणि पोरांचं काम सगळं वाकून. जमिनीवर वाकळ घालायची, पोराला आडवं करायचं, पाय उचलायचे, पुसायचं, बदलायचं. दिवसातून तीस वेळा. कट्ट्याच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, हिला वाकू देऊ नका, पाणी उचलू देऊ नका. मी म्हटलं, "पोरांका परत धाड." ती म्हणाली, "धाडतंय. तुमी जाया सांगाक त्येंच्या आवशींका, बाजाराक जाव नुको म्हणान."

मग मी तिला उभ्याने बाळोती बदलता येतील अशी जागा केली. पडवीच्या भिंतीला लागून चिऱ्यांचे दोन खांब रचले, तिच्या कंबरेएवढे. त्यावर मोडक्या होडीची फळी टाकली. तिच्यावरचं जुनं डांबर काचेने खरवडायला मला दोन दिवस लागले. चारी बाजूंना बांबू चिरून चार बोटं उंच कड बांधली. वर वाकळ, वाकळीवर मेणकापड. उजव्या हाताला खोबरेलाची वाटी आणि कोमट पाण्याचा तांब्या, डाव्या हाताला टोपलीत धुतलेली बाळोती, फळीखाली घाणीसाठी झाकणाची बालदी. तिने सगळं उभ्या-उभ्या हाताला लागतं की नाही ते डोळे मिटून बघितलं. तांब्या दोनदा पुढे-मागे करायला लावला.

मी पोराच्या पोटावरून बांधायला दोरीही आणली होती.

"ही कशाक?"

"पोर हलला तर?"

"कौलां नाय ती, बांधून न्हेवक."

तिने दोरी बाहेर फेकली आणि एक कोहळा आणला. त्याला बाळोत्यात गुंडाळून फळीवर ठेवला. म्हणाली, हा पोर. आता तुम्ही तेलाची वाटी घ्या. मी वाटीकडे वळलो आणि कोहळा कडेवरून उडी मारून खाली. दोन तुकडे.

"पडला! आता जाया, सांगा त्येच्या आवशीक."

त्या दिवशी कोहळ्याची भाजी खाताना ती हसत होती, पण मी जेवता जेवता फळीकडेच बघत होतो. चिऱ्यांची उंची मीच ठरवली होती. त्यानंतर तिचा नियम झाला: पोराच्या पोटावरचा हात उचलायचा नाही, घर पेटलं तरी. मी पडवीत असलो की माझी नजर तिच्या त्या हातावर. ती खोकली तरी मी उठून उभा राहायचो. ती म्हणायची, "बसा ओ. तुमच्या बघण्यानच पोर पडतला."

पोर कधीच पडलं नाही. मी नको तिकडे बघत बसलो होतो.

धुण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. पाणी तिने उचलायचं नव्हतं ना. पहिल्या दिवशी बालदी घेऊन मी विहिरीवर गेलो. तिथे बायकाच बायका. एकीने पदर तोंडाला लावला. दुसरी म्हणाली, "गलबत बुडला काय ओ काकानू, बाळोती धुवक लागलास ता?" सगळ्या खिदळल्या. मी दोन फडकी धुतली, बाकी तशीच घेऊन परत निघालो. दर्याच्या वादळात मी शिडावर चढलेला माणूस, पण पाच बायकांच्या हसण्यापुढे माझे पाय टिकले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी खाडीवर जायला लागलो. भरतीच्या वेळी, माडांच्या आडोशाला. तिथे कुणी नसायचं. गलबतावर आम्ही कपडे खाऱ्या पाण्यातच धुवायचो, गोडं पाणी प्यायला पुरत नसे. हात सवयीचे होते. बाळोती पांढरी निघायची, उन्हात खडखडीत वाळायची. ती म्हणाली, "कडक कशी झाली ओ?" मी म्हटलं, ऊन आहे.

मीठ कापडातून जात नाही. सुकलं की कडक होतं आणि जरा हवा दमट झाली की पुन्हा ओल धरतं. गलबतावर आमच्या जांघा सोलवटायच्या त्या ह्याच मिठाने. हे मला ठाऊक होतं, पण डोक्यात आलं नाही. आता हेही लिहितो की एकदा आलं होतं. म्हटलं, चार दिवसांनी काय होतंय.

पाच महिन्यांचं एक चेडू होतं, चौघांत सगळ्यात लहान. आधी त्याच्या मांड्या लाल झाल्या. हिने खोबरेल लावलं, तवकिलाचं पीठ लावलं. चौथ्या दिवशी कातडी सुटली. फळीवर ठेवलं की ते किंचाळायचं आणि हिचा दम वाढायचा. दुसऱ्या एकाच्याही मांड्या लाल दिसायला लागल्या. ती प्रत्येकाला उताणं-पालथं करून बघत होती. तेल बदललं, मेणकापड काढून टाकलं, माझी फळी सोड्याने धुतली. म्हणाली, "डांबर ऱ्हवला आसतला काय?" मी फळी पुन्हा खरवडायला घेतली. खरवडत होतो आणि मनात म्हणत होतो, डांबरच असू दे रे देवा.

संध्याकाळी तिने टोपलीतलं एक धुतलेलं बाळोतं उचललं आणि जिभेला लावलं.

माझ्याकडे बघितलं. मी फळीकडे बघितलं.

"किती दिस?"

"आठ."

सगळी टोपली तिने खळ्यात उपडी केली. मग म्हणाली, "बावीचा पाणी हाडा. आताच." मी बालदी घेऊन विहिरीवर गेलो.

त्या रात्री चेडवाला ताप भरला म्हणे. सकाळी त्याची आई त्याला कडेवर घेऊन आली ती ठेवायला नाही. खळ्यातच उभी राहिली. मागे दुसऱ्या दोघी पोरं घेऊन आल्या होत्या, त्याही थांबल्या. मासे विकणाऱ्या बाईचा आवाज तो, चार घरांना गेला.

"काकीनू, माज्या चेडवाची कातडी गेली तुमच्या हातात. होत नाय तर सांगूचा होता. मी बाजार सोडून बसली असतंय."

ही फळीला धरून उभी होती. म्हणाली, "माजी चूक, बाय. माज्या ध्यानात येवक नाय."

"ध्यानात नाय? मग दिसभर बघतास काय?"

"माजाच चुकला," ही पुन्हा म्हणाली.

आणि मी तिथे होतो. पाच हातांवर. विहिरीच्या पाण्याची भरलेली बालदी हातात. मला तोंड होतं, जीभ होती. माझ्या तोंडातून शब्द आला नाही. ती चेडवाला घेऊन गेली, तशा त्या दोघीही आपापली पोरं घेऊन गेल्या. चारातलं एक उरलं.

सगळे गेल्यावर मी तिला विचारलं, माझं नाव का नाही घेतलंस? ती म्हणाली, "तुमचा नाव घेतला तर काय, दादल्यांच्या हातात पोरां दिली म्हणान माकाच बोलतली. आणि तुमी बावीर परत जावचास नाय." मग फळी पुसता पुसता म्हणाली, "तुमीच बोलतलास असा वाटला माका." एवढंच. पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

पण रोज विचारायची, चेडू कसं आहे? मला म्हणायची, जाऊन विचारून या. मी जायचो. त्यांच्या घराच्या वळणापर्यंत जायचो, तिथल्या माडाखाली उभा राहायचो आणि परत यायचो. येऊन सांगायचो, बरं आहे. ती विचारायची, खपली धरली? मी म्हणायचो, धरली. ताप? उतरला. मला काहीच ठाऊक नव्हतं. चेडू जगलं-मेलं हेही ठाऊक नव्हतं. वाटेत कुणी दोन माणसं बोलताना दिसली तर मी वाट सोडून माडांतून जायचो, ती बातमी कानावर पडू नये म्हणून. घरातून रडण्याचा आवाज आला तर बरं वाटायचं, आणि नाही आला तर परतताना मी पावलं मोजायचो, म्हणजे दुसरा विचार येऊ नये. असे बारा-तेरा दिवस. विहिरीवर आता रोज जात होतो. बायका हसायच्या, मी धुवायचो. हसण्याने मेलो नाही. पहिल्या दिवशी हे कळलं असतं तर.

म्हणून ती त्या शेवटच्या सकाळी मऊ बाळोती वेगळी काढत होती. माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून.

संध्याकाळी तिला नेली. मुलं मुंबईहून वेळेवर पोचणं शक्य नव्हतं, अग्नी मीच दिला. स्मशानातून आलो तेव्हा खळ्यात बायका बसल्या होत्या. मी आत पाय धुवत होतो. कुडापलीकडून ऐकू आलं. एक म्हणत होती, "बिचारी थकली होती ओ. पोरांचा होय नाय तिच्यान. त्या चेडवाचे काय हाल केल्यान." दुसरी म्हणाली, "मेलेल्या माणसाक बोलू नये." म्हणजे खरं आहे, फक्त बोलू नये.

दुसऱ्या सकाळी उजाडल्यावर मी निघालो. अग्नी दिलेल्या माणसाने दहा दिवस कुणाच्या दारात जायचं नसतं, सुतक असतं. शेजारचा म्हातारा ओरडला, "अरे, खंय चललंस?" मी थांबलो नाही. वळण आलं, माड आला. पहिल्यांदाच पुढे गेलो.

त्यांच्या गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या बाहेर उभा राहिलो. चेडवाची आई टोपली डोक्यावर घेऊन निघतच होती. मला बघून दोन पावलं मागे सरकली.

"काकानू! तुमका सुतक मां?"

"आत येणा नाय. चेडू आसा मां?"

"आसा."

"बाळोती खाडीत मी धुतलंय. खाऱ्या पाण्यात. आठ दिस. तिका ठावक नव्हता. कळला तेव्हा तिना सगळी टाकून दिल्यान. माका बावीर लाज वाटत होती."

तिने टोपली खाली ठेवली.

"त्या दिसा थंयसरच उबे होतास तुमी."

"होतंय."

"आणि तिका बोलूक दिलास माका."

"दिलंय."

ती आत गेली. मला वाटलं, संपलं. ती चेडवाला घेऊन आली. गडग्यापासून लांब उभी राहून तिने त्याचं झबलं वर केलं आणि मांडी माझ्याकडे केली. नवी कातडी आली होती, गुलाबी, जरा चमकणारी. चेडू माझ्याकडे बघत बोट चोखत होतं. ती रडत होती, पण आवाज कडकच. म्हणाली, "हां. माका सांगलास. आणि त्या दोघींका कोण सांगतला?"

मी त्या दोघींकडे गेलो. एकीला तिच्या गडग्याबाहेरून सांगितलं, तिने दार लावून घेतलं. दुसरी तरीवर निघून गेली होती. ओट्यावर तिची सासू पोराला घेऊन बसली होती. सासू ठार बहिरी. मी म्हटलं, "बाळोती मी खाऱ्या पाण्यात धुतलंय." तिने कानाला हात लावला. "काय?" मी पुन्हा म्हटलं. "काय म्हणतंस?"

शेजारच्या दोन घरांतून माणसं बाहेर आली होती. मी गडग्याला धरलं, श्वास घेतला, आणि गलबतावर शिडाच्या टोकावरच्या माणसाला हाक मारायचो तेवढ्या मोठ्याने तिला सांगितलं.