दाणे कुठल्या पेशीवर होते

गोवा नुकतंच राज्य झालं होतं, आणि मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत उंदरांचे मेंदू कापत बसले होते. पूर्ण वाढलेल्या उंदराला किरणोत्सारी द्रव्य टोचायचं; नव्याने जन्मणारी पेशी ते उचलते, आणि काचपट्टीवर तिच्या जागी काळे दाणे उमटतात. एका सकाळी मला ते दाणे एका मोठ्या, फिकट चेतापेशीवर दिसले. त्या वयात नवी चेतापेशी! माझं डोकंच फिरलं. सरांना दाखवायच्या आधी मी पेडण्याला घरी पत्र टाकलं, की मोठ्या वयातही मेंदूत नव्या चेतापेशी येतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, ती मी.

घरी बाबा होते. डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवणाऱ्या माझ्या बाबांचा उजवा हात पक्षाघाताने वर्षभर लुळा पडला होता.

पुढच्या आठवड्यात सरांनी सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू जरासा फिरवला. चेतापेशी धूसर झाली. दाणे स्पष्ट राहिले, आणि त्यांच्या लगेच खाली एक लहानसं, गडद केंद्रक दिसलं. चेतापेशीला चिकटून असणारी ग्लायल पेशी. नवी होती ती हीच, सांभाळ करणारी. हात हलवणारी नव्हे. मी खजील झाले, पण दुसरं पत्र लिहायला काही धजले नाही. गणपतीला, चवथीला घरी जायचंच आहे, तेव्हा सांगेन म्हटलं.

घरी पोचले तर आई खुशीत. बाबांच्या हाताला रोज तेल चोळत होती. बोटं हलतील आता, म्हणाली. आणि रक्तदाबाच्या गोळ्या? त्या कपाटात, पाकिटंसुद्धा न फोडलेली. मेंदू नवा होतोय तर जुन्याची औषधं कशाला, म्हणून पत्र आल्या दिवसापासून बाबांनीच बंद केलेल्या. अगो बाये, दुसरा झटका आला असता म्हणजे! बापाला मारायला निघाले होते मी, तेही स्वतःच्या अक्षरात.

बाबा बाहेर सोप्यावर बसले होते. गोळी आणि पाणी घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. ते लुळ्या हाताकडे बघत राहिले.

"म्हणजे ह्यो हात येवचो नाय."

"त्या पेशींनी नाही, बाबा."

आत आई तेल कोमट करत होती. बाबांनी डावा हात गोळीसाठी पुढे केला.

"आवशीक आज सांगा नको," ते म्हणाले. "तेल लावू दे तिका."

आई वाटी घेऊन आली, आणि मी उठून तिला जागा दिली.