अलोहाकाकांचा हार

अलोहाकाकांनी हवाई कधी पाहिलंच नव्हतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण त्यांना भेटणाऱ्या माणसाला ते कळायला फार वेळ लागायचा. न्यू जर्सीतल्या आयसेलिनजवळच्या आमच्या मराठी मंडळात नवीन कुटुंब आलं, की दारातच फुलाफुलांचा शर्ट घातलेला एक टकलू गृहस्थ त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घालून हवाईच्या लोकांसारखं "अलोहा!" म्हणे. पाहुण्यांना वाटे, यांनी तिकडे उमेदीची वर्षं काढली असणार. काका ते वाटू देत. मुळात हे गृहस्थ सोलापूरचे. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो अमेरिकेला येताना, विमानाच्या खिडकीतून.

शिकायला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांना जुन्या सामानाच्या दुकानात हवाईयन गाण्यांची एक रेकॉर्ड मिळाली. बाहेर गुडघाभर बर्फ, खोलीतला हीटर बिघडलेला, आणि रेकॉर्डच्या कव्हरवर निळा समुद्र नि वाकलेला माड. अशा वेळी माणसं देवाच्या नादी लागतात. काका हवाईच्या नादी लागले आणि पुढे आम्हालाही त्यांनी सुखानं राहू दिलं नाही.

त्यांच्या बेसमेंटमध्ये दर रविवारी ती रेकॉर्ड लागे आणि काका सोबत उकुलेले, म्हणजे तिकडची चार तारांची छोटी गिटार, वाजवत. त्यांच्या बोटांखाली कुठलंही गाणं दुसऱ्या कडव्यापर्यंत आरतीच्या चालीवर यायचं. गणपतीच्या कार्यक्रमात आम्हा मुलींचा हुला नाच ठरलेला. गवताच्या घागऱ्याखाली सगळ्या आयांनी आम्हाला सक्तीनं स्वेटपँट घालायला लावलेल्या. "कंबर नाही, हात! हुलामध्ये हात गोष्ट सांगतात," काका ओरडत. मी एकदा विचारलं, "काका, बट व्हॉट्स द स्टोरी?" काका उकुलेलेची तार पिळत म्हणाले, "समुद्राची आहे. पुढचं हात सांगतील." आमच्या हातांनी आजतागायत काही सांगितलेलं नाही.

"हवाईत असं करत नाहीत" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. जेवणाच्या रांगेत कुणी घुसलं, हवाईत असं करत नाहीत. मीटिंगमध्ये आवाज चढले, हवाईत असं करत नाहीत. मंडळाच्या निवडणुकीत स्वतः सपाटून आपटले तेव्हाही ते हेच म्हणाले.

पण त्यांचा खरा कटाक्ष हारावर. आपल्याकडे गळ्यात हार पडला, की पाहुणा तो दुसऱ्या क्षणी काढून टेबलावर ठेवतो, त्याला आपण विनय म्हणतो. काकांच्या अंगाचा तिळपापड होई. "देणाऱ्यासमोर हार काढायचा नाही! म्हणजे त्याचं प्रेम त्याच्याच हातात परत दिल्यासारखं आहे." पुण्याहून आलेल्या एका व्याख्यात्यांना त्यांनी ओला झेंडू गळ्यात घालून तासभर शिंकत बोलायला लावलं. व्याख्याते पुन्हा न्यू जर्सीत फिरकले नाहीत.

उन्हाळ्यात त्यांच्या बॅकयार्डात मोठी हवाईयन पार्टी असे. हवाईत खड्डा खणून त्यात डुक्कर भाजतात. आमच्याकडे निम्म्या मंडळाचा चातुर्मास, म्हणून काका खड्ड्यात रताळी भाजत. एका वर्षी धूर एवढा झाला की शेजाऱ्यानं फायर ब्रिगेडला बोलावलं. काकांनी जवानांनाही हार घातले. ते बिचारे हार घालूनच पाणी मारत राहिले. "बघा, यांना कळतं!" काका आम्हाला म्हणाले. रताळी वाहून गेली, त्याचं त्यांना काहीच नव्हतं.

हा हार न जुमानणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची बायको, नलूकाकू. पार्टीतला पहिला हार दरवर्षी त्यांना. त्या तो लगेच काढून किचनच्या दाराला अडकवत. "कढईपाशी हे लोढणं घालून उभी राहू? पेटेन ना, अहो!" काकांचा चेहरा पडायचा. आम्हाला त्याची भारी गंमत वाटायची.

काकू अलिबागच्या. त्यांची एकच इच्छा होती. "मला नाच नको, हार नको. कोमट समुद्रात पाय घालून बसायचंय. इथला मेला समुद्र जुलैतही हाडं गोठवतो." काका म्हणत, "नेक्स्ट इयर नक्की." मग कधी छत गळे, कधी गुडघा दुखे. एकदा बुकिंग करून त्यांनी कॅन्सल केलं. म्हणे, "आता तिकडे सगळं टुरिस्टांसाठी केलेलं असतं, नले." खड्ड्यात रताळी पुरणारा माणूस हे बोलत होता! मंडळ त्यावर वर्षभर हसलं. ते घाबरत होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. खरं हवाई एकदा पाहिलं असतं, तर बॅकयार्डातलं उरलं नसतं.

शेवटी सत्तरी उलटल्यावर काकू माझ्या आईबरोबर, मंडळातल्या बायकांच्या ट्रिपला निघून गेल्या. तो आठवडाभर काकांनी उकुलेलेला हात लावला नाही. काकू परतल्या त्याच शनिवारी पार्टी होती. इतकी गर्दी मी तिथे कधी पाहिली नव्हती. रताळ्यांसाठी कुणीच आलं नव्हतं, सगळे काकांची फजिती बघायला आले होते. माजी अध्यक्षांनी सगळ्यांसमोर विचारलंच, "वहिनी, आता खरं सांगा. तिकडे असं करतात का हो?"

काका खाली मान घालून काठीनं राख उकरत होते.

"अगदी असंच करतात," काकू म्हणाल्या. "फक्त समुद्र जास्त आहे."

मग काकांनी हार आणला. काकूंनी तो घालून घेतला आणि तशाच कढईपाशी गेल्या. त्या दिवशी भज्यांत झेंडूच्या पाकळ्या निघाल्या. सगळ्यांनी ती पाकळ्यांसकट खाल्ली. परतताना गाडीत आई म्हणाली, "तिथल्या हुलाच्या शोला नलू पाच मिनिटंही बसली नाही. सगळा वेळ पाण्यात पाय सोडून."

या मार्चमध्ये काका गेले. फ्यूनरल होममध्ये काकूंनी त्यांच्या अंगात फुलाफुलांचाच शर्ट घालायला लावला आणि गळ्यात झेंडूचा हार घातला. आयुष्यभर ज्यांची टिंगल केली, त्यांच्यासाठी मला रडू आवरेना. शेवटी तिथला माणूस अदबीनं पुढे आला. दहनाला न्यायच्या आधी हार काढून ठेवतात, काढू का, असं त्यानं विचारलं.

"नो," काकू म्हणाल्या. "नॉट इन फ्रंट ऑफ मी."

तो मागे सरला. काकू आमच्याकडे वळल्या आणि समजावल्यासारखं म्हणाल्या, "हवाईत असं करत नाहीत."