कुणाकडे तरी असेल

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत सगळं संपलं. नरखेडकडची आत्या तेराव्यापर्यंत राहिली. निघताना मला सोबत न्यायचं म्हणाली, पण बाबा म्हणाले, "पोरगी माझ्याजवळ राहील." बाबा कोराडीच्या वीज केंद्रात होते. पाळीची नोकरी, त्यात क्वार्टर मिळालेलं नव्हतं. आम्ही प्रताप नगरात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. सकाळी स्टाफ बसने ते गेले की मी कुणाजवळ राहणार, हा प्रश्न गल्लीने सोडवला.

शाळेतून आल्यावर दुपारी तीनपर्यंत शेजारच्या काकूंकडे. मग समोरच्या घरातल्या बाई त्यांच्या शाळेतून परत यायच्या, तेव्हापासून दिवेलागणीपर्यंत त्यांच्याकडे. दोघीही चांगल्या होत्या. काकू माझी वेणी घालून द्यायच्या, बाई पाढे घ्यायच्या. मला कुणी कधी रागावलं नाही. काकूंची मुलं मात्र रोज मार खायची. दूध सांडलं म्हणून धाकट्याच्या पाठीत धपाटा बसला, की मी दाराशी उभी राहून बघायची. मला त्याचा हेवा वाटायचा, हे आज लिहितानाही थोडं अवघड जातं.

परक्या घरात कसं राहायचं ते मी लवकर शिकले. तिसरी पोळी मागायची नाही. नवरा-बायकोत आवाज चढला की पाटी घेऊन ओट्यावर जायचं. पाहुणे आले की आपण होऊन म्हणायचं, "मी तिकडे जाते."

मी सात वर्षांची असताना तान्ह्या पोळ्याच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. बाबांनी मला चाकांचा लाकडी बैल आणला होता. सकाळी ते ड्युटीवर गेले आणि मी बैल घेऊन काकूंकडे गेले. त्यांच्या दाराला कुलूप होतं. सगळे काकूंच्या सासरी गेले होते. समोर गेले, तर तिथेही कुलूप. बाई शहराच्या महाल भागात भावाकडे गेल्या होत्या. आमच्या घराची किल्ली बाबांच्या खिशात होती. मी आमच्या पायरीवर बसले.

गल्लीतली पोरं बैल सजवून दारोदार खाऊ मागत फिरत होती. माझ्यासमोरून दोनदा गेली. एकाने विचारलं, "चलते का?" मी मान हलवून नाही म्हटलं. दुपार झाली, भूक लागली, मग भूक मेली. मला भीती वाटत नव्हती. फक्त एक गोष्ट लख्ख कळली होती, की या क्षणी मी कुठे आहे हे जगात कुणालाच ठाऊक नाही, आणि कुणी शोधतही नाही.

चार वाजले असतील. गल्लीच्या टोकाला एक बाई राहायची. नवरा वारलेला, मुलगा भिलाईला कामाला, घरी शिलाई मशीनवर ब्लाउज शिवायची. तिच्या पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती. ब्लाउज शिवायला सगळ्या जणी तिच्याकडे टाकायच्या, पण मुलांना तिकडे खेळायला कुणी पाठवत नसे. ती दुकानातून रिळं घेऊन परतत होती. माझ्यासमोर थांबली.

"काहून बसून राहिली वं इथं?"

"असंच."

"जेवली का?"

"हो."

"काय जेवली?"

मला एकही पदार्थ सुचला नाही. तिने माझा हात धरला आणि घरी नेलं. ताटात ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली, पण ताट हातातच ठेवून विचारलं, "आमच्या घरचं खाशील ना वं?" या प्रश्नाचा अर्थ मला कितीतरी वर्षांनी कळला. त्या वेळी मी नुसतं ताट ओढून घेतलं.

मी खात असताना ती अचानक चिडली. "एवढी घोडी झाली, तोंड नाही का तुले? हाक मारता येत नाही? सकाळपासून उपाशी मरून राहिली!"

मला रडू फुटलं. आई गेल्यावर मी अशी रडलेच नव्हते. ती रागावतच राहिली आणि पदराने माझं तोंड पुसत राहिली.

दिवेलागणीला सगळे परतले. "मले वाटलं, तुमच्याकडे आहे," काकू म्हणाल्या. "आणि मला वाटलं, तुम्ही नेली सोबत," बाई म्हणाल्या. दोघींचे चेहरे उतरले होते. बाबा खाली मान घालून उभे होते. तेव्हा टोकाच्या घरची ती बाई त्यांना म्हणाली, "कुणाकडे तरी असेल, असं किती दिवस चालवाल? एक जागा असू द्या तिले. माझ्याकडे राहू द्या."

"तुम्हाला त्रास..."

"माझ्या त्रासाचं सोडा. तुमच्या लोकांले चालते का, ते पहा."

दुसऱ्या दिवशी माझं दप्तर बाबांनी स्वतः तिच्याकडे नेऊन ठेवलं. मी तिला मोठीमाय म्हणू लागले. बाई संध्याकाळी तिच्या ओसरीत येऊन माझा अभ्यास घ्यायच्या. काकू आत कधी आल्या नाहीत, पण माझ्यापुरता डबा रोज पाठवायच्या, म्हणजे मी तिथे जेवू नये. मी डबा खायची आणि भाकरही खायची. मोठीमाय डबा घासून परत पाठवायची.

तीन वर्षांनी कोराडीचं क्वार्टर मिळालं. बाबा म्हणाले, "आता ती मोठी झाली." ट्रकमध्ये सामान चढत असताना गल्लीतले सगळे बाहेर आले होते. मोठीमाय आली नाही. तिच्या घरातून मशीनचा आवाज येत होता.

कोराडीत माझ्या गळ्यात किल्ली आली. शाळेतून यायचं, कुलूप उघडायचं, खिडकीवरची वीज केंद्राची राख पुसायची, सकाळचा भात खायचा. राख पुन्हा साचायची. बोलायला कुणी नसलं की दिवस किती मोठा असतो, ते तिथे कळलं.

मोठीमाय एकदाच आली, बस बदलून. आल्या आल्या भाताचं झाकण काढून म्हणाली, "हा कच्चा आहे वं." मला शेजारी उभं करून भात पुन्हा करायला लावला. ती निघताना बाबा म्हणाले, "येत जा." ती म्हणाली, "तुम्ही आणा तिले." त्यांनी नेलं नाही. पुढे कॉलेजसाठी मी रोज शहरात यायची. कॉलेज सीताबर्डीला, तिथून प्रताप नगर किती दूर? पण तिने बोलावलं नव्हतं, आणि बोलावल्याशिवाय कुणाच्या दाराशी जायचं नाही, हे माझ्या अंगात मुरलं होतं.

ती गेल्याचं बाईंकडून कळलं, तेव्हा आठवडा उलटून गेला होता. मी गेले. दारात तिची सून होती, भिलाईहून आलेली. मला तिने कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही कोण?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "शेजारी राहत होतो आम्ही."

"बसा नं," ती म्हणाली, आणि लेकराला घेऊन आत गेली.